जुनें लुगडें, नवी गोधडी

बारशाचें आमंत्रण आलें, कीं गृहिणीच्या मनांत आनंदाबरोबर एक हिशेबही सुरू होतो. काय न्यावें, कितीचें न्यावें, आणि त्या मंडळींनीं मागच्या वेळीं काय आणलें होतें, या तीन प्रश्नांच्या घोळांत बाळाचें नांवसुद्धां मागें पडतें. आमंत्रण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत आलें असेल, तर हा हिशेब अधिकच अवघड होऊन बसतो. शेवटीं बाजारांतून चकचकीत कागदांत गुंडाळलेली एखादी वस्तु येते. ती बाळाच्या घरीं तशाच आणखी दहा वस्तूंच्या ढिगावर जाऊन पडते. आणि पुष्कळदां वरचा कागदसुद्धां न उलगडतां तीच वस्तु पुढच्या एखाद्या बारशाला निघते. या व्यवहारांत पैसा मात्र खर्च होतो. देण्याचें सुख कोणाच्याच पदरांत पडत नाहीं.

पनवेलजवळच्या नावडे गांवीं असे प्रसंग आतां वारंवार येतात. मूळची वस्ती आगरी मंडळींची, भातशेती करणारी. दिवा-पनवेल लोहमार्गावर नावडे रोड या नांवाचें स्थानक आहे आणि शेजारीं तळोजें येथील कारखाने आहेत. १९७० मध्यें सिडको या संस्थेची स्थापना झाली आणि नव्या मुंबईची उभारणी सुरू झाली. त्या विस्तारांत नावड्याच्या भोंवतींही उंच इमारती उठल्या, आणि २०१६ मध्यें पनवेल महानगरपालिका झाली तेव्हां गांव तिच्या हद्दींत आलें. जुन्या आळींत अद्याप लुगडें नेसणाऱ्या आज्या आहेत. नव्या इमारतींत कोणी साताऱ्याहून, कोणी खानदेशांतून, कोणी रत्नागिरीकडून आलेलीं कुटुंबें आहेत. बोलण्याची ढब निराळी, जेवणाची चव निराळी. पण दोहोंकडे एक गोष्ट बहुधा सारखी सांपडते. कपाटाच्या तळाशीं किंवा पलंगाच्या पेटींत जुन्या सुती नऊवारी लुगड्यांची एक घडी जपून ठेवलेली असते. कोठें ती सासूबाईंची असते, कोठें आजीची. नेसणारी आतां राहिली नाहीं. टाकवत तर नाहीं. आणि दोन खोल्यांच्या घरांत ठेवण्यास जागा नाहीं. मग एके दिवशीं बोहारीण दारीं येते, आणि स्टीलच्या एका डब्याच्या बदल्यांत ती घडी जिना उतरून निघून जाते.

देण्याजोगी वस्तु नाहीं ही एक अडचण, आणि असलेली वस्तु ठेवण्यास जागा नाहीं ही दुसरी. या दोन अडचणी एकमेकींचें उत्तर आहेत, हेंच येथें सांगावयाचें आहे.

अल्प खर्चांत घर सजवावें, घरच्या हातानें भेटवस्तु करावी, हा उपदेश कांहीं नवा नाहीं. परंतु त्या उपदेशाचें पुढें काय होतें, तेंही पाहण्यासारखें आहे. हौशी गृहिणी बाजारांत जाते. रंगीत कागद, चमकी, गोंद, कृत्रिम फुलें, तयार आकृति घेऊन येते. आणि तीनशें रुपयांचें साहित्य खर्चून दोनशें रुपयांना मिळणारी वस्तु घरीं तयार करते. हौसेला मोल नसतें हें खरें. पण याला काटकसर म्हणतां येणार नाहीं. शिवाय ही शोभा सणापुरती टिकते आणि मग कचऱ्याच्या डब्यांत जाते. थर्मोकोलच्या मखरांचें हेंच झालें. २०१८ मध्यें महाराष्ट्र शासनानें थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली, तेव्हां अनेक घरांत गणपतीपुढें काय करावें असा प्रश्न पडला. वस्तुतः केळीचे खांब, आंब्याचे डहाळे, घरची पैठणी किंवा एखादी काठाची साडी, एवढ्यांत मखर उभें राहत असे. पण बाजारच्या पांढऱ्या शुभ्र कमानींपुढें ही विद्या मागें पडली होती. घरगुती कलेची काटकसर हातांतच असते असें नाहीं. ती आधीं डोळ्यांत असावी लागते. घरांत काय पडलें आहे तें जिला दिसतें, तिचाच खर्च वांचतो.

या दृष्टीचें एक मोठें उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडलें आहे. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. त्याच्या सजावटीचें काम महात्मा गांधींनीं शांतिनिकेतनचे नामांकित चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे सोंपविलें. शहरांतून सामान आणून आरास करावी, हा मार्ग सोपा होता. पण तो सोडून बांबूसारखें गांवांत व आसपास मिळणारें साधें साहित्य निवडण्यांत आलें, आणि त्यांतूनच ती अधिवेशननगरी सजविण्यांत आली. एवढ्या थोर कलावंतानें बांबूला कमी लेखलें नाहीं. दिवाळींत बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि घरची खळ घेऊन जीं मुलें आकाशकंदील करतात, तींही, न कळत कां होईना, त्याच मार्गानें जात असतात.

नावड्यांतील गृहिणीच्या घरीं बांबू नसेल. पण लुगडें आहे. त्या लुगड्याचा उत्तम उपयोग म्हणजे गोधडी. देशावर कित्येक ठिकाणीं तिला वाकळ म्हणतात. गोधडीचा हिशेब इतका सरळ आहे, कीं तो पाहून मौज वाटते. नऊवारी लुगडें म्हणजे नऊ वार, अर्थात् २७ फूट लांब. पन्हा साधारणपणें ४ फूट. त्याची लांबीकडून एकदां निम्मी घडी घातली आणि पुन्हा एकदां निम्मी घातली, कीं चार थर होतात आणि लांबी पावणेसात फूट उरते. कात्री न लावतां एका माणसाच्या अंथरुणाएवढी, पावणेसात फूट लांब व चार फूट रुंद अशी चार थरांची गोधडी समोर तयार असते. नावड्यासारख्या खाडीकडच्या दमट हवेंत एवढी ऊब पुरेशी आहे. घाटावर पाठवावयाची असेल, तर आंत आणखी एका जुन्या लुगड्याचे थर घालावे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण सर्वांस पाठ आहे. पण अंथरुणाचें माप लुगड्याच्या मापांतच दडलेलें आहे, हें जुन्या बायकांनीं कोणत्याही पुस्तकावांचून ओळखलें होतें.

कृतीही अवघड नाहीं. मात्र घाईची नाहीं. लुगडें प्रथम कोमट पाण्यांत भिजत घालून खळ पूर्ण काढावी आणि उन्हांत कडकडीत वाळवावें. मग तें खिडकीपुढें धरून उजेडांत पाहावें. जेथें उजेड जाळीसारखा आरपार येतो, तेथें सूत विरलें आहे असें समजावें. दोन्ही हातांनीं हलकेंच ताणून पाहिल्यास कापड तेथें फाटूं लागतें. असा भाग घडींत आंतल्या थरास जाईल आणि पदरासारखा घट्ट भाग वर राहील, अशी योजना करावी. घडी जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर जड भांडीं ठेवावीं. या वेळीं घरांतील पुरुषमंडळींनीं दोन कोपरे धरून ताणले, तर कांहीं बिघडत नाहीं. नंतर मध्यापासून कडेकडे जात लांब लांब कच्चे टांके घालावे. कडेपासून आरंभ केला तर सुरकुत्या मध्यें गोळा होतात आणि मग त्या कशानेंही जात नाहींत. नवशिकीची पहिली गोधडी बहुधा येथेंच फसते.

कच्चे टांके झाले, कीं खरा धावदोरा सुरू होतो. दोरा सुती व जाडसर असावा. हातभरापेक्षां लांब घेऊं नये, कारण लांब दोरा गुंततो आणि घासून तुटतो. गांठ दोन थरांच्या मध्यें ओढून लपवावी. रांगेंत एक बोट, म्हणजे साधारण इंचभर अंतर ठेवावें. टांके अगदीं एकसारखे आले नाहींत तरी चालेल; रांगा मात्र सरळ असाव्या, कारण चारी थर एकत्र धरून ठेवण्याचें काम रांगांचें आहे. शेवटीं उघड्या कडा आंत दुमडून शिवाव्या, किंवा दुसऱ्या एखाद्या लुगड्याच्या कांठाची पट्टी त्यांवर लावावी. हिरव्या लुगड्यास तांबडा कांठ लागला, कीं त्या गोधडीस निराळ्या नक्षीची गरज राहत नाहीं.

आतां या कामाची खरी किंमत काय, तेंही मोजून पाहिलें पाहिजे. चार फूट रुंदींत इंचाइंचावर ४८ रांगा येतात. प्रत्येक रांग ८१ इंचांची. म्हणजे एकूण शिवण ३२४ फूट होते. इंचास तीन टांके धरले तर ११,६६४ टांके होतात. सराव झालेल्या हातानें मिनिटास पंधरा टांके घातले, तरी या कामास तेरा तास लागतात. रोज दुपारीं एक तास दिला, तर धुणें, बेतणें व कडा मिळून पंधरवडा सहज जातो. पैशाच्या दृष्टीनें पाहिलें तर खर्च दोऱ्याचा आणि सुईचा. पण गृहिणीच्या वेळाच्या दृष्टीनें पाहिलें तर ही वस्तु मुळींच स्वस्त नाहीं. घरच्या हातच्या वस्तूला स्वस्त म्हणणारे लोक हे तेरा तास हिशेबांत धरीत नाहींत, आणि तेथेंच त्यांची चूक होते.

म्हणून मोठी गोधडी सर्वांना देण्याची वस्तु नव्हे. ती लेकीला द्यावी, सुनेला द्यावी, शिकण्यासाठीं परगांवीं निघालेल्या मुलाच्या वळकटींत घालावी. ज्याच्यासाठीं तेरा तास मनांत त्याचेंच चिंतन करावेंसें वाटतें, त्यालाच ती शोभते. इतर प्रसंगांसाठीं लहान काम पुरेसें आहे. बारशासाठीं दुपटें घ्यावें. सहावारी सुती साडी १८ फुटांची असते. तिचे तीन-तीन फुटांचे सहा तुकडे होतात. तीन तुकड्यांचें एक याप्रमाणें तीन थरांचीं दोन दुपटीं एका साडींत निघतात, आणि प्रत्येकास पांच-सहा तास पुरतात. त्यावर टिकल्या, आरसे, मणी किंवा गुंड्या कदापि लावूं नयेत; बाळ हातीं येईल तें तोंडांत घालतें. दुपटें देण्यापूर्वीं धुवून उन्हांत वाळवावें, आणि तें बाळाच्या अंगाखालीं नीट ताणून अंथरण्यासाठीं आहे असें बाळाच्या आईस सांगावें. निजलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ सैल पांघरूण असूं नये, असें आजचे डॉक्टर निक्षून सांगतात.

कांहीं लुगडीं इतकीं जीर्ण झालेलीं असतात, कीं त्यांचें अंग सर्वस्वीं विरलेलें असतें. तरीही कांठ बहुधा घट्ट राहतात, कारण त्यांची वीण दाट असते. एका नऊवारी लुगड्याचे दोन्ही कांठ मिळून ५४ फूट पट्टी मिळते. तीन फूट रुंद दारास तोरण करावयाचें असेल, तर वर तीन फुटांची कांठाची पट्टी आणि तिच्याखालीं चार-चार इंच पाया असलेले कापडाचे नऊ त्रिकोण पुरतात. त्रिकोण दुहेरी कापडाचे करावे, म्हणजे वाऱ्यानें मुरडत नाहींत. उरलेल्या पट्ट्या एकीशेजारीं एक जोडल्या, कीं उशीचा अभ्रा होतो, तक्क्याची खोळ होते, देवापुढच्या पाटावरचें आसन होतें. नव्या इमारतींतील भिंती सर्वत्र एकाच रंगाच्या आणि दारें एकाच मापाचीं असतात. अशा घरांत आजीच्या लुगड्याच्या कांठाचें तोरण लागलें, कीं तेवढें एक दार त्या कुटुंबाचें होतें. संक्रांतीच्या हळदीकुंकवास वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षां याच कापडाच्या लहान पिशव्या शिवून त्यांतून तिळगूळ दिला, तर खर्च कमी होतो आणि पिशवी पुढें वर्षभर बाजारांत हिंडते.

यावर एक शंका निघणें स्वाभाविक आहे. जुन्या कापडाची वस्तु दुसऱ्यास कशी द्यावी? लोक काय म्हणतील? सुशिक्षित घरांत ही शंका अधिक बोचते. कारण जुनें देणें आणि दारिद्र्य दाखविणें हीं एकच, अशी समजूत तेथें घर करून बसली आहे. परंतु महाराष्ट्रांतील रीत याच्या उलट सांगते. नवजात बाळास पहिले कांहीं दिवस जुन्या, धुवट, मऊ कापडांतच ठेवण्याची चाल आहे. नव्या कापडाची खळ व खरखर कोंवळ्या कातडीस सोसत नाहीं, आणि शेंकडों वेळां धुतलेलें सूत मलमलीहूनही मऊ होतें. म्हणजे जें कापड जुनें म्हणून देण्यास संकोच वाटतो, तें जुनें झालें म्हणूनच देण्यायोग्य झालेलें असतें. मात्र मळकें, डागाळलेलें किंवा विरलेलें कापड वर दिसूं देऊं नये. साधेपणा आणि निष्काळजीपणा यांत जें अंतर आहे, तें देणारानें नेहमीं ओळखावें.

हा विचार केवळ महाराष्ट्राचा नव्हे. बंगालमध्यें जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात, आणि त्यावर शिवणारी आपल्या मनांतील फुलें, पक्षी, प्रसंग दोऱ्यानें उठविते. जसीमुद्दीन यांचें १९२९ मधील सुप्रसिद्ध दीर्घकाव्य अशाच एका कांथेभोंवतीं गुंफलेलें आहे. अमेरिकेंत आलाबामा नदीच्या वळणावर जीज् बेंड नांवाची एक गरीब वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतावर वापरून फाटलेल्या कपड्यांच्या तुकड्यांतून गोधड्या करीत, कारण थंडींत मुलांस पांघरावयास दुसरें कांहीं नसे. त्याच गोधड्या २००२ मध्यें प्रथम ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत आणि मागाहून न्यूयॉर्कमध्यें भिंतींवर मांडल्या गेल्या, आणि २००६ मध्यें त्यांचीं चित्रें अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर झळकलीं. त्या स्त्रियांनीं प्रदर्शनासाठीं एकही टांका घातला नव्हता. ऊब हवी होती. शोभा तिच्या मागोमाग आली.

येथें आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. ज्यांच्या घरीं वेळ नाहीं, डोळे साथ देत नाहींत किंवा शिवणाची संवय नाहीं, त्यांनीं आपलें लुगडें देऊन दुसरीकडून गोधडी शिवून घ्यावी. महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं स्त्रिया मजुरीनें गोधड्या शिवतात. परंतु तेथें किंमत करतांना हे तेरा तास आठवावे. कापड घरचें आहे, मग एवढे पैसे कशाचे, असा सवाल ज्या गृहिणीनें स्वतः एकदां दहा रांगा घातल्या आहेत, ती कधीं करणार नाहीं. अल्प खर्चाची कला स्वतःच्या घरीं आपल्या हातानें करावी. दुसरीच्या हातास अल्प मोल देऊन ती साधूं नये. बोहारणीचा धंदाही कांहीं वाईट नव्हे. जुने कपडे पुन्हां वापरांत आणण्याचें काम ती करीतच असते. तिला कृत्रिम धाग्याच्या साड्या खुशाल द्याव्या. त्या घसरतात, घाम शोषीत नाहींत, आणि त्यांचे थर एकमेकांवर स्थिर राहत नाहींत. गोधडीस त्या निरुपयोगी आहेत. सुती लुगडें मात्र तिच्या गाठोड्यांत जाण्यापूर्वीं एकदां उजेडांत धरून पाहावें.

कारण हें कापड पुन्हां मिळणारें नाहीं. रोज सुती नऊवारी नेसून स्वयंपाक करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या स्त्रियांची पिढी आतां थकली आहे. त्यांच्या लेकींनीं सहावारी धरली, नातींनीं सलवार-कमीज. नऊवारी आज दुकानांत मिळते, पण ती बहुधा लग्नकार्यापुरती नेसली जाते. तीस-तीस वर्षें अंगावर वागवून, हातानें धुवून जें सूत मऊ होतें, तें दुकानांत मिळत नाहीं. जितकीं लुगडीं पेट्यांच्या तळाशीं आज आहेत, तितकींच आहेत. त्यांबरोबर दुसरीही एक ठेव सरत चालली आहे. कोणत्या बाजूनें घडी घालावी, सुरकुती कशी काढावी, गांठ कोठें लपवावी, हें ज्यांच्या बोटांस ठाऊक आहे, त्या आज्या नावड्याच्या जुन्या आळींत ओटीवर बसलेल्या दिसतात. आणि त्यांच्यापासून हांकेच्या अंतरावर नव्या इमारतींतील सुना बारशाला काय न्यावें या विवंचनेंत असतात. या दोघींची गांठ पडण्यास दुपारचा एक तास आणि एक सुई एवढेंच लागतें.

येत्या एखाद्या रिकाम्या दुपारीं गृहिणीनें पेटींतील ती घडी बाहेर काढावी, आणि घरांत किंवा शेजारीं जी वडीलधारी बाई असेल, तिच्यापुढें ती उलगडावी. पहिला टांका तिलाच घालूं द्यावा. बाळ मोठें होऊन शाळेंत जाऊं लागेल, तेव्हां बारशाला आलेल्या वस्तूंपैकीं किती घरांत उरल्या असतील, तें सांगवत नाहीं. पण एखादें विटलेलें, कडेला दोनदां सांधलेलें दुपटें मात्र निजतांना त्याला हवें असेल, आणि हें कोणाच्या लुगड्याचें, असें तें विचारील. त्याला उत्तर देतां यावें, यासाठीं ही सारी खटपट.